मुंबई-लंडन, ७२०० किलोमीटर

पहाटे ताईला लंडनच्या विमानात बसवून आलो आणि दिवसभर मोबाइलवर तिचं विमानच बघत बसलो. मुंबई-लंडन सरळ अंतर साधारण ७२०० किलोमीटर. जाताना जवळपास दहा तास, येताना मात्र बहुतेक वेळा तासभर कमी! दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, तोच जेट स्ट्रीम. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीशी असतो. हिवाळ्यात त्याचा जोर आणखी वाढतो.

आईचं सारखं एकच, "कुठवर पोचली रे?" मी नकाशा दाखवला, "काळ्या समुद्रावर आहे." तिने चष्मा लावून ते पिवळं विमान बोटाने मोठं करून बघितलं, मग कुठे जेवायला बसली. दिवाळीला ताई येईल तेव्हा वारा आपल्या बाजूचा असेल, याचंच बरं वाटतंय.