गल्लीतल्या झाडांसाठी सीएसआर निधी : माझा अनुभव

मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुलुंड पूर्वेच्या आमच्या गल्लीतले जुने गुलमोहर आडवे झाले. त्यानंतर बरेच दिवस नुसतीच चर्चा. महिला मंडळाच्या हळदीकुंकवालाही विषय तोच: फुटपाथवर पुन्हा झाडं लावायची, भिंतीकडेच्या कचऱ्याच्या जागेची छोटी बाग करायची. सगळं कबूल, पण पैसे कुठून आणायचे? नगरसेवक निधी म्हणावा, तर मार्च २०२२ पासून महापालिकेत प्रशासक, नगरसेवकच नव्हते. खासदार निधीतून कायमस्वरूपी मालमत्ता उभी राहते, रोज पाणी घालणाऱ्या माणसाचा पगार निघत नाही. आणि आम्हाला नेमका तोच हवा होता.

मी बँकेतून निवृत्त झालेली. त्यामुळे कागदपत्रांची फाइल आपसूक माझ्या गळ्यात पडली.

उरला सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांसाठी द्यायचा पैसा. त्याबद्दल लोकांची कल्पना अशी असते, की कंपनीत ओळख असली की चेक मिळतो. ओळखीने फक्त भेट मिळते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे वर्षाला ५ कोटी किंवा जास्त निव्वळ नफा असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. पर्यावरण त्या कामांच्या यादीत आहे. पण हा पैसा हाउसिंग सोसायटीच्या खात्यात येत नाही, आमच्यासारख्या नोंदणी नसलेल्या मंडळाकडे तर नाहीच. घेणारी संस्था नोंदणीकृत हवी, तिच्याकडे आयकर खात्याच्या १२ए आणि ८०जी या करसवलतीच्या नोंदण्या हव्यात, कॉर्पोरेट मंत्रालयाचा सीएसआर-१ नंबर हवा, शिवाय तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. "आपणच ट्रस्ट काढू, वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे माझ्या ओळखीचा वकील आहे," असं एका काकांनी सुचवलं. ट्रस्ट निघाला असता हो, पण तीन वर्षांचा अनुभव वकील कुठून आणणार?

शेवटी ठाण्याकडची, रोपवाटिका चालवणारी एक जुनी संस्था तयार झाली. पैसे त्यांच्या खात्यात, हिशेब त्यांचा, जागेवरची देखरेख आमची, असा करार केला. हा करार स्टॅम्प पेपरवर करा, आणि माळ्याचा पगार कोण, कुठल्या तारखेला देणार तेही त्यात लिहा. आपलीच माणसं आहेत म्हणून तोंडी ठेवायची ही गोष्ट नाही.

फुटपाथ आपल्या दारासमोर असला तरी आपला नसतो. वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागाचं पत्र आणि रस्त्याचं काम बघणाऱ्यांची संमती, दोन्ही लागली. उद्यान विभागाचे साहेब जागा बघायला आले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "खाली काय काय आहे?" पाण्याची लाइन, गॅस, विजेच्या केबल, इंटरनेटची नळी. म्हणून आधी हाताने चाचणी खड्डे घेतले आणि काही जागा तिथेच सोडून दिल्या. कागदावरची झाडं कमी झाली, याचं पैसे देणाऱ्या कंपनीला माझ्यापेक्षा जास्त दुःख झालं.

झाडं कुठली, यावर मात्र सोसायटीत खरी सभा रंगली. कोणाला पुन्हा गुलमोहर हवा होता. मी तो अडवला. लाकूड ठिसूळ, मुळं उथळ, आणि खालून सिमेंट आवळलेलं असलं की वादळात तो टिकत नाही. बकुळ, ताम्हण, करंज आणि कोपऱ्यावर बहावा ठरला. "उद्या पार्किंगला आड आलं तर तोडता येईल ना?" असंही एकाने विचारलं. त्यांना १९७५ चा वृक्ष जतन कायदा सांगितला: वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, मग ते तुम्हीच लावलेलं का असेना. त्यांनी लेखी हरकत नोंदवली. मी ती फाइलला लावली.

आता अंदाजपत्रक. कंपनीच्या छापील तक्त्यात रोप, खड्डा, माती, ट्री गार्ड आणि उद्घाटन असे रकाने होते. पाण्याचा रकानाच नव्हता. मुंबईत पाऊस ऑक्टोबरच्या सुरुवातीला जातो, पुढचा जूनमध्ये येतो. मधले आठ महिने रोप कशावर जगणार? मी माळी, टँकर आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपं, असा तीन वर्षांचा खर्च मांडला. तो एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त झाला. कंपनीतला मुलगा म्हणाला, "मॅडम, यात रोपं फारच कमी दिसतात." म्हटलं, "दिसू देत. जगतील तेवढीच लावतोय." लोखंडी गार्ड काढून बांबूचे घातले, कारण लोखंड भंगारवाल्याकडे जातं. त्यातून वाचलेले पैसेही पाण्यालाच दिले.

सगळ्यात मोठी अडचण कॅलेंडरची निघाली. कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि पैसे खर्च करायची घाई फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. "मार्चमध्येच लावून टाकू या, फोटो होतील." मार्चच्या उन्हात रोप लावणं म्हणजे त्याचा अंत्यविधी आगाऊ उरकणं. इथे कायद्यातली एक तरतूद कामी आली. काम एका वर्षात संपणारं नसेल तर कंपनीचं संचालक मंडळ ते 'ऑनगोइंग प्रोजेक्ट' ठरवू शकतं. उरलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या बँक खात्यात ठेवायची आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरायची. हे त्यांच्या सीएला माहीत होतं, आमच्यासमोरच्या मुलाला नव्हतं. मग मार्चमध्ये खड्डे, माती आणि गार्ड झाले आणि रोपं जून २०२४ मध्ये, दोन चांगले पाऊस झाल्यावर लागली.

एप्रिल २०२५ मध्ये टँकरवाल्यांचा संप झाला तेव्हा बिल्डिंगच्या जुन्या विहिरीला पंप लावून झाडं जगवली. पंपाचं भाडं मंजूर खर्चात नव्हतं. ते संस्थेने आधी ईमेलवर विचारून घेतलं, म्हणून पुढे हिशेबात अडकलं नाही. निधीच्या दर हप्त्याआधी सीएचं विनियोग प्रमाणपत्र (आधीचे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला), प्रत्येक झाडाचा अक्षांश-रेखांशासह फोटो आणि जिवंत झाडांची यादी द्यावी लागते. मेलेली झाडं आम्ही लपवत नाही. उलट, ती यादीत असली की बदली रोपांचे पैसे मागता येतात.

शेवटचा हप्ता यायचा आहे. बागेची भिंत तेवढी अजून कोरी आहे. कंपनीला तिथे चित्रं आणि त्यांचा भलामोठा बोर्ड हवा होता. माझं म्हणणं, बोर्ड झाडापेक्षा बुटका असावा. बकुळ सध्या माझ्या खांद्याएवढी आहे, तेव्हा बोलणी फिसकटली. भिंत आता सोसायटीच्या खर्चाने रंगवायची ठरली आहे. हरकत नोंदवणाऱ्या सभासदांनी रंगाचं कोटेशन आणायचं कबूल केलंय.