बॅकहँडचं रबर: ठाणे-नवी मुंबईतल्या पावसाळी चाचणीची नोंद

टेबल टेनिसच्या बॅटवर बॅकहँडला कोणतं रबर लावावं, त्याची ही चाचणी. ब्लेड, म्हणजे बॅटची लाकडी फळी, एकच ठेवलं आहे: पाच प्लायचं (थरांचं), संपूर्ण लाकडी, ८६ ग्रॅम. रबर म्हणजे खाली स्पंज आणि वर पातळ रबरी थर. फोरहँडला ४७.५ अंश कडकपणाच्या स्पंजचं रबर, त्याला हात लावायचा नाही. चेंडू ४०+, थ्री-स्टार, एकाच कंपनीचे. बदलायचं ते फक्त बॅकहँडचं रबर, आणि तेही एका वेळी एक गोष्ट: आधी स्पंजचा कडकपणा, मग जाडी, मग वरच्या थराची पकड. ब्लेड आणि रबर एकदम बदललं की चेंडू नेमका कशामुळे लांब पडतोय ते कळायला मार्ग उरत नाही.

निकषही एकच. आपल्या सगळ्यात कमजोर बॅकहँडला हे रबर काय देतं? दुकानात बॅट हातात घेतली की डोळ्यांसमोर येतो तो सगळ्यात जोरदार टॉपस्पिन. मॅचमध्ये बॅकहँडला येतात ते घाईतले चेंडू: अंगावर आलेला ब्लॉक, टेबलावरच उचलायची आखूड सर्व्हिस, उशिरा गाठलेला खोल पुश (चेंडूखालून बॅट घासून सोडलेला बॅकस्पिनचा फटका). फोरहँडमागे पाय, कंबर, खांदा उभे असतात. बॅकहँडला कोपर आणि मनगट, आणि बॅट फिरवायला पोटासमोरची वीतभर जागा. तेवढ्या आखूड स्ट्रोकमध्ये चेंडू स्पंजमध्ये रुतला तरच स्पिन बसतो. म्हणून फोरहँडला छान लागलेलं रबर दुसऱ्या बाजूला तसंच चिकटवणं बहुतेकांना जड जातं.

कडकपणा

आकड्यांबद्दल सावध राहा. पाकिटावरचे अंश सगळ्या कंपन्यांत एकाच मापाचे नसतात. बटरफ्लायच्या टेनर्जीचा स्पंज ३६ अंशांचा, झिऑमच्या वेगा युरोपचा ४२.५, वेगा प्रोचा आणि नित्ताकू फास्टार्क जी-१ चा ४७.५. यावरून टेनर्जी वेगा युरोपहून मऊ आहे असं धरलं तर फसगत होते. बटरफ्लायची मोजपट्टीच वेगळी आहे. डीएचएस या चिनी कंपनीचीही वेगळी: तिच्या हरिकेन ३ रबरावरचे ३९ अंश हाताला ४७.५ च्या जर्मन स्पंजपेक्षा कडक लागतात. तुलना एकाच पट्टीतल्या रबरांचीच करावी. झिऑम, तिभार, डॉनिक, नित्ताकू यांची बरीच रबरं जर्मनीतल्या ईएसएन कारखान्यात बनतात, त्यामुळे त्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहता येतात.

चाचणी मल्टीबॉलवर. बादलीतून एकसारखे चेंडू द्यायचे: आधी बॅकस्पिन, खोल, बॅकहँडच्या कोपऱ्यात. खेळणाऱ्याने निम्म्या जोरानेच उचलायचा. ४७.५ अंशांवर इथे चेंडू नेटच्या पट्टीला लागू लागतो, कारण तेवढ्या जोराने स्पंज दबतच नाही आणि चेंडू वरच्या थरावरून घसरत पुढे जातो. ४२.५ वर तोच स्ट्रोक आरामात नेट पार करतो. मग जोर वाढवायचा. मऊ स्पंजची हद्द कानाला कळते: आवाज एकदम लाकडी, कोरडा येतो आणि त्यापुढे कितीही जोर लावला तरी वेग वाढत नाही. चेंडू स्पंज पार करून लाकडापर्यंत पोहोचलेला असतो. ज्याच्या मॅचमधल्या बॅकहँडला हा आवाज वारंवार येतो त्याने कडक स्पंजकडे जावं. ज्याला तो फक्त सरावात, मुद्दाम मारल्यावर येतो त्याने मऊच ठेवावं.

मध्यम दर्जाच्या खेळाडूंसाठी ४५ अंशांच्या आसपासचा पट्टा सगळ्यात उपयोगी दिसतो: फास्टार्क सी-१, तिभारचं इव्होल्यूशन ईएल-पी. त्याच तिभार मालिकेतलं एफएक्स-पी याहून मऊ आणि एमएक्स-पी याहून कडक, त्यामुळे एकाच घराण्यात तीन पायऱ्या मिळतात आणि तुलना स्वच्छ होते. मऊ रबराचा तोटा आखूड खेळात दिसतो. हलक्या स्पर्शालाही ते चेंडू उडवतं, त्यामुळे टेबलावर दोन टप्पे पडतील असा पुश करायला गेलं की चेंडू दीड टप्प्यावर बाहेर येतो आणि समोरचा मारून मोकळा होतो. याला रबर बदलण्याआधी एक उपाय करून पाहावा: चेंडू उसळी घेतानाच, अगदी लवकर गाठायचा आणि पकड सैल ठेवायची. तरीही उडत असेल तर जाडी कमी करायची वेळ आली.

जाडी आणि वजन

२.१ वरून १.९ वर आलं की ब्लॉकमध्ये फरक लगेच जाणवतो. समोरच्याच्या टॉपस्पिनवर बॅट नुसती धरली तरी चेंडू टेबलात राहतो, कारण स्पंजची उसळी कमी आणि येणाऱ्या स्पिनची प्रतिक्रियाही थोडी कमी. किंमत मोजावी लागते ती टेबलापासून मागे गेल्यावर. तिथून बॅकहँड लूप (खालून उचलून मारलेला टॉपस्पिन) आखूड पडतो. टेबलाजवळ उभं राहून ब्लॉक आणि फ्लिकवर (आखूड चेंडूला टेबलावरच मनगटाने मारलेला फटका) खेळणाऱ्याने १.९ ला बिचकू नये. नियमाची मर्यादा स्पंज, वरचा थर आणि गोंद धरून ४ मिलिमीटर आहे. ‘मॅक्स’ स्पंजवर गोंदाचे थर वाढत गेले की ती मर्यादा जवळ येते, हे स्पर्धा खेळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

वजनात ०.२ मिलिमीटरचा फरक दीड-दोन ग्रॅमचाच. मऊ आणि कडक रबरांमधला फरक जास्त मोठा असतो: कापलेलं मऊ रबर साधारण ४२ ते ४५ ग्रॅम, मध्यम-कडक ४७ ते ५०, चिकट चिनी रबर त्याहीपुढे. ८६ ग्रॅमच्या ब्लेडवर फोरहँडला ४८ आणि बॅकहँडला ४४ धरलं तर गोंदासकट बॅट १८० च्या थोडी वर जाते. दोन्हीकडे ५० लावलं की १९० गाठते आणि फ्लिकला मनगट उशिरा वळतं. हा उशीर खेळाडू रबराच्या माथी मारतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरेसा आहे, कापण्याआधी आणि कापल्यानंतर वजन वहीत लिहा.

जुलै-ऑगस्टचे आकडे वेगळे ठेवा

ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही खाडीच्या काठावर. पावसाळ्यात बिनएसीच्या हॉलमध्ये, नाहीतर घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या उघड्या क्लबहाउसमध्ये, रबरावर ओलाव्याचा अदृश्य थर बसतो. प्लास्टिकचा चेंडू त्यावरून सरकतो. उचललेला लूप नेटमध्ये, ब्लॉक अनपेक्षित खाली. याच दिवसांत नवीन रबर लावून ‘याला पकडच नाही’ असा निकाल देणं त्या रबरावर अन्याय आहे. या महिन्यांत कडकपणा आणि वजन तपासावं, पकडीचा निकाल ऑक्टोबरनंतर द्यावा.

ओलावा कुठून येतो तेही पाहावं. एसी गाडीतून थंड झालेली बॅट वाशीच्या दमट हॉलमध्ये बाहेर काढली की रबरावर चक्क दव धरतं. बॅट कव्हरमधून काढून दहा-पंधरा मिनिटं मोकळी ठेवायची, मग मायक्रोफायबर कापडाने टिपायची आणि नंतरच खेळायला घ्यायची. तळहाताने पुसू नये, घामातलं तेल आणि मीठ तिथेच राहतं. खेळ संपल्यावर पाण्याने किंचित ओलसर केलेल्या स्पंजने एकाच दिशेने पुसून, पूर्ण वाळवून रबर झाकणारी प्लास्टिकची फिल्म लावायची. ओल्या रबरावर फिल्म चिकटवली तर ओल आतच कोंडते. चिकट रबर धूळ पटकन धरतं, त्यामुळे रस्त्याकडेच्या हॉलमध्ये ते दोन गेमांच्या मध्येही पुसावं लागतं.

चिकटवणं

पाण्यावर आधारित गोंदच वापरायचा. सॉल्व्हंटच्या स्पीड ग्लूवर २००८ पासून बंदी आहे आणि बूस्टर (स्पंज फुगवणारं द्रव्य) लावणंही नियमबाह्य आहे. ब्लेडला एक पातळ थर, स्पंजला एक. स्पंज कोरा असेल तर तो पहिला थर पिऊन टाकतो, मग दुसरा द्यावा. दुधाळ पांढरा रंग जाऊन गोंद पूर्ण पारदर्शक झाला की जोडायचं. हिवाळ्यात याला १५-२० मिनिटं लागतात, पावसाळ्यात पाऊण तास धरून चाला. हेअर ड्रायरच्या गरम हवेने घाई करू नये, वरची साय वाळते आणि खाली ओलं राहतं. पुढे तिथेच फुगा येतो.

रबर मुठीकडून सुरू करून टोकाकडे सोडत जायचं, ओढायचं नाही. ताणून बसवलेलं रबर आठवड्याभरात आकसतं आणि टोकाची कड ब्लेडच्या आत सरकते. वरून रोलर किंवा गुळगुळीत बाटली हलक्या हाताने फिरवा. आयटीटीएफचं (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचं) चिन्ह मुठीजवळ दिसलं पाहिजे. कापताना बॅट उलटी, रबर खाली, कटरचं नवं पातं आणि एकाच दमात वळण. बोथट पात्याने स्पंज चुरगळतो आणि कड दातेरी होते.

चाचणीत रबर वारंवार काढावं लागतं, म्हणून नव्या ब्लेडला आधी वार्निशचा अगदी पातळ हात देणं योग्य. नाहीतर मऊ लाकडाचे तंतू गोंदासोबत निघून येतात. काढताना मुठीच्या कोपऱ्यापासून, सावकाश, तंतूंच्या दिशेने. जुना गोंद अंगठ्याने चोळून वळ्या करून काढायचा. स्पंजचे तुकडे निघायला लागले तर तिथेच थांबा. उरलेल्या गोंदाच्या पातळ थरावर नवा थर चालतो.

पुढचा टप्पा

पिंपल्स (रबरी दाणे) आत आणि वरून गुळगुळीत असलेल्या रबरांची रांग संपत आली. बॅकहँडला वेगळ्या जातीचं रबर लावण्याची परंपरा आपल्याकडे भक्कम आहे: मनिका बत्रा बाहेर आलेल्या लांब पिंपल्सवर खेळते, आणि अयहिका मुखर्जीने २०२४ च्या बुसानमधल्या जागतिक सांघिक स्पर्धेत चीनच्या सुन यिंगशाला हरवलं ते बॅकहँडच्या अँटी-स्पिन (स्पिन जवळपास न पकडणाऱ्या) रबरासह. पण लांब पिंपल्स आणि अँटी हे पूर्ण वेगळं खेळणं आहे, त्याला खेळताना हातातच बॅटची बाजू उलटवण्याची सवय आणि वेगळा सराव लागतो. त्यामुळे आधी आखूड पिंपल्स, जपानच्या मिमा इतोच्या बॅकहँडला असतात त्या प्रकारचे. सर्व्हिसवरचा स्पिन त्यांना कमी बोचतो आणि टेबलाजवळचा फटका सपाट, वेगवान जातो.

सुरुवात १.८ मिलिमीटर स्पंजवर. याहून पातळ घेतलं तर बॅकस्पिन उचलायला आधार उरत नाही, जाड घेतलं तर फटका लांब पडतो. निम्म्या जोराचा तोच मल्टीबॉल, तेच कोपरे. फक्त एक रकाना वाढवायचा: खोल पुशवर दहापैकी किती चेंडू नेटपार गेले. आखूड पिंपल्स घेणाऱ्यांचा हात सगळ्यात आधी तिथेच अडतो. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की धोबी तलावच्या दुकानांतून शीट आणायचं, आणि लावण्याआधी वजन.