तुम्ही विचारलंत म्हणून : कॅसेट अजून कशाला?

मोबाईलचा डिस्प्ले बदलायला आलेली पोरं काम होईपर्यंत दुकानात इकडेतिकडे पाहतात आणि नजर वरच्या फळीवर गेली की हटकून विचारतात, "भाऊ, कॅसेट आता कोन आयकते? कायले ठेवल्या इतक्या?" मोठी माणसंही विचारतात, फक्त जरा जपून.

आर्णीत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. घर चालतं ते मोबाईलवर आणि शेतातल्या मोटरपंपाच्या स्टार्टरवर. पण फळीवर तीनशेच्या वर कॅसेटा आहेत, दोन टेपरेकॉर्डर चालू हालतीत आहेत, आणि कोणी जुनी कॅसेट घेऊन आलं तर हातातलं काम बाजूला ठेवून मी आधी ती उघडतो. गिऱ्हाईक काउंटरवर उभं असताना याचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून इथे लिहितो.

मागच्या पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधी जवळच्या खेड्यातला एक पोरगा कॅसेट घेऊन आला. वरचा कागद सिनेमाच्या गाण्यांचा, पण मागच्या खाचेत कागदाचा बोळा कोंबलेला. हे पाहिलं की मला पुढचं कळतं. बाजारातून आणलेल्या कॅसेटवर चुकून दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून मागचे दोन कान मोडलेले असतात. ती खाच बुजवली की त्याच कॅसेटवर आपला आवाज भरता येतो. म्हणजे कोणीतरी सिनेमाची गाणी पुसून तिथे काहीतरी जास्त मोलाचं भरलं होतं.

"झडत्या हायेत म्हणते आजा. आमच्या गावच्या पोळ्याच्या. आता कोनाले येत नाही," पोरगा म्हणाला.

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की आमच्याकडे झडत्या होतात. एकजण खणखणीत आवाजात ओळी फेकतो, शेवटी ‘एक नमन गौरा पार्वती’ म्हणतो आणि सगळा पोळा ‘हर बोला हर हर महादेव’ करून उठतो. झडतीत देव येतो, सावकार येतो, कापसाचा भाव येतो, पलीकडच्या बैलजोडीला टोमणाही येतो. म्हणणारा गेला की बहुतेक झडत्या त्याच्यासोबतच जातात.

कॅसेटचे पाच बारीक स्क्रू काढले. आत पट्टीला टेपच्या हेडवर, म्हणजे आवाज भरणाऱ्या आणि वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारी नमद्याची टिकली गळून पडली होती, आणि पट्टी एका जागी चिकटली होती. ही पट्टी रुंदीला ३.८१ मिलिमीटर. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये ती साधारण ९० मीटर असते आणि जाडी जेमतेम १६ ते १८ मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षा कितीतरी पातळ. प्लास्टिकच्या पट्टीवर लोखंडाच्या ऑक्साईडचा थर. नांगराच्या फाळावर चढतो त्या तांबेऱ्या गंजाचाच हा जवळचा भाऊबंद. हेडमधून आवाजाप्रमाणे कमी-जास्त होणारं चुंबकत्व त्या बारीक कणांवर उमटतं आणि तिथेच टिकतं. किती वर्षं हे काम करतोय, पण गंजात माणसाचा आवाज राहतो याचं नवल मला अजून वाटतं.

ही कॅसेट काढली फिलिप्सने. १८९१ मध्ये हॉलंडातल्या आइंडहोव्हनला दिव्यांचा कारखाना म्हणून सुरू झालेली कंपनी. १९१४ मध्ये तिने स्वतःची संशोधन प्रयोगशाळा काढली, तिथून कितीतरी मोठी कामं झाली. कॅसेट मात्र प्रयोगशाळेतली नव्हे. बेल्जियममधल्या हॅसेल्टच्या कारखान्यात लू ऑटेन्स नावाचे अभियंते नव्या वस्तूंचा विभाग सांभाळत होते, तिथली ती. त्या काळी टेपरेकॉर्डर म्हणजे मोठ्या उघड्या चकत्यांचं यंत्र. पट्टी हाताने ओवायची, जरा चुकलं की गुंता. ऑटेन्सना ते यंत्र अजिबात पसंत नव्हतं. त्यांनी आधी लाकडाचा एक ठोकळा करून घेतला, कोटाच्या खिशात बसेल एवढा, आणि ठरवलं की रेकॉर्डर याहून मोठा होता कामा नये. सर्किटचा विचार त्यानंतर. माझ्या मते सगळी अक्कल त्या ठोकळ्यात आहे. यंत्रात काय मावतं हे नंतर बघू, माणसाच्या खिशात काय मावतं ते आधी. तो ठोकळा पुढे हरवला. गाडीचं चाक बदलताना ऑटेन्सनी तो जॅकखाली टेकू म्हणून लावला आणि तिथेच राहिला. असता तर आज संग्रहालयात असता.

१९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट लोकांपुढे आली. त्यानंतर जे झालं त्याच्याशी आमच्या आर्णीचा थेट संबंध आहे. दुसऱ्या कंपन्याही आपापल्या मापाच्या कॅसेटा काढायच्या बेतात होत्या. जपानच्या सोनीशी बोलणी झाली आणि फिलिप्सने परवान्याचे पैसे सोडून दिले. कोणीही बनवा, फक्त माप आणि वेग आमचाच ठेवा. वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. म्हणून कुठल्याही कंपनीची कॅसेट कुठल्याही टेपमध्ये चालते. स्टिरिओ आल्यावरही डाव्या-उजव्या आवाजाचे पट्टे शेजारीशेजारी ठेवले, त्यामुळे एका स्पीकरच्या साध्या टेपचं हेड दोन्ही मिळून वाचतं. शहरात भरलेली स्टिरिओ कॅसेट वावरातल्या मचाणावरच्या सेलच्या टेपवर वाजायची ती यामुळे. गरिबाचं यंत्र बाद होऊ नये याची काळजी कोणीतरी नकाशा काढतानाच घेतली होती. मला हे फार मोठं वाटतं.

त्याआधी आवाज जपायचा म्हणजे तबकडी. ती छापायला कलकत्त्याजवळच्या दमदमसारखा कारखाना लागे. आमच्या खंजिरी भजनवाल्याला तिथवर कोण नेणार होतं? कॅसेट आल्यावर कोणाला विचारायची गरज उरली नाही. लाल बटण दाबा आणि म्हणा. माझ्या फळीवर सप्त्यातली कीर्तनं आहेत, दंडारीच्या रात्री आहेत, बायांनी भुलाबाईपुढे म्हटलेली गाणी आहेत आणि मध्येच "अवो, ते चालू हाये का बंद?" हेही आहे. यातलं काही कोणत्या कंपनीने बाजारात आणलेलं नाही.

तर झडत्यांची कॅसेट. पट्टी सोडवली, टिकली दुसऱ्या कॅसेटची लावली, हेड स्पिरिटने पुसलं. पहिली पंधरा मिनिटं आवाज साफ. मग माणसं हळूहळू बारीक बोलू लागली, शेवटी पोरासोरांसारखी. भरताना सेल उतरले होते. मोटर मंदावली की पट्टी हळू सरकते, आणि तीच पट्टी पुढे बरोबर वेगाने वाजवली की आवाज घाईचा आणि चिरका येतो. मोटरच्या मागे एक भोक असतं, आत वेग कमी-जास्त करायचा स्क्रू. तो फिरवता येतो, पण किती, हे मीटर सांगत नाही. तो आवाज खरा कसा होता, हे माहीत असलेलं माणूस लागतं.

पोरगा दुसऱ्या दिवशी आज्याला गाडीवर बसवून घेऊन आला. त्यांना स्टूल दिलं. मी बारीक पेचकस घेऊन मागे बसलो आणि केसभर केसभर वेग उतरवत गेलो. आजोबा डोळे मिटून ऐकत होते. "अजून... अजून थोडा... हां. थांब. हा तो. असाच बोले." पुढे पट्टी जसजशी सरकली तसतसा स्क्रू मी त्यांच्या बोटाच्या इशाऱ्यावर फिरवत राहिलो. बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही आत येऊन गप ऐकत बसली. सगळं मोबाईलमध्ये उतरवायला दुपार गेली.

अकरा झडत्या निघाल्या. पोऱ्याने पोळ्याला त्यातल्या दोन म्हटल्या, पाठ करून, कागद हातात न घेता. बाराव्या झडतीच्या मधल्या ओळीवर बैलाच्या घुंगरमाळा वाजल्या आहेत. हेडचा कोन बदलून पाहिला, आवाज गाळून पाहिला, आजोबांनाही आठवत नाही. शब्द निघत नाहीत.

ही कॅसेट भरली त्या वर्षीच्या पोळ्याला टेप घेऊन आलेले आणखी दोघंतिघं होते, असं आजोबा म्हणतात. तुमच्या घरी माळ्यावर, पेटीत अशी खाच बुजवलेली कॅसेट असेल तर आणा. पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर वाजवून पाहू नका, उन्हातही ठेवू नका, फडक्यात गुंडाळून तशीच घेऊन या.