साट्याची तिखट करंजी: मुंबईच्या उकाड्यात जमणारी गरम न्याहारी

रविवारी सकाळी चहाबरोबर काहीतरी गरम, पापुद्रे सुटलेले आणि आत तिखट सारण असलेले खावेसे वाटले, की मुंबईकराला कोपऱ्यावरच्या बेकरीतला पफ आठवतो. १९०४ साली सुरू झालेले धोबीतलावचे कयानी किंवा १९१४ सालचे ग्रँट रोडचे बी. मेरवान यांसारख्या इराणी हॉटेलांनी या शहराला खारी, ब्रून मस्का आणि मावा केक यांची सवय लावली, आणि आज गल्लोगल्लीच्या बेकऱ्यांत खारीसारख्याच पिठात बटाटा, अंडे, कोंबडी किंवा खिमा भरलेले पफ मिळतात. मला ते मनापासून आवडतात, मात्र भट्टीतून निघाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात. काचेच्या कपाटात दिव्याखाली तासन् तास बसलेला पफ वरून कोरडा आणि खालून ओलसर होतो, आणि खाल्ल्यावर टाळूला एक मेणचट थर राहतो. बेकरीत वापरले जाणारे घट्ट स्निग्ध पदार्थ मुद्दाम उशिरा वितळणारे असतात, म्हणजे भर उन्हाळ्यातही पीठ लाटता येते. पण आपल्या तोंडाचे तापमान ३७ अंशांच्या आसपास असल्यामुळे त्यांतला काही भाग जिभेवर वितळतच नाही. विकत मिळणाऱ्या वनस्पती तुपाचा वितळणबिंदूसुद्धा ३१ ते ४१ अंश असा ठेवलेला असतो.

म्हणून ही न्याहारी मी घरी करतो, आणि त्यासाठी फ्रेंच पद्धतीच्या पफ पेस्ट्रीच्या वाटेला न जाता करंजीचा साटा, म्हणजे तूप आणि तांदळाची पिठी फेसून केलेला, पोळ्यांच्या थरांमध्ये लावायचा लेप, वापरतो. साटा आणि पफ पेस्ट्री यांचे तत्त्व एकच आहे: पिठाच्या दोन थरांमध्ये स्निग्ध पदार्थाचा थर असला की ते एकमेकांना चिकटत नाहीत, आणि भाजताना पिठातल्या पाण्याची वाफ झाली की प्रत्येक थर सुटा होऊन वर उचलला जातो. फरक आहे तो तो थर घालण्याच्या रीतीत. फ्रेंच पद्धतीत लोण्याची एक सपाट लादी पिठात गुंडाळून ती लाटतात, तिची तीन पदरी घडी घालतात, आणि हेच सहा वेळा केले की लोण्याचे ७२९ थर होतात. हे सगळे होत असताना लोणी १५ अंशांच्या आसपास राहावे लागते. त्याहून थंड झाले तर ते आत तुटते, आणि गरम झाले तर पिठात मुरून जाते. मुंबईत जानेवारीतही दुपारी पारा ३० अंशांच्या आसपास असतो आणि लोणी ३२ ते ३५ अंशांना पूर्ण वितळते, तेव्हा प्रत्येक घडीनंतर पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवणे आलेच. त्यातून आपल्याकडचे नेहमीचे खारे लोणी घेतले तर त्यात मीठ असते आणि १६ टक्क्यांपर्यंत पाणीही असू शकते. ज्यांचे स्वयंपाकघर वातानुकूलित आहे आणि ज्यांचा शनिवार रिकामा आहे त्यांनी हा उद्योग जरूर करावा. बाकीच्यांनी त्यात जीव शिणवू नये.

साट्यात तूप एकटे नसते. घट्ट तूप परातीत घेऊन तळहाताने फेसायचे आणि त्यात तांदळाची पिठी मिसळत जायचे, की पिठीतले बारीक कण तुपाला धरून ठेवतात. मग तूप थोडे सैल झाले तरी ते थरातून वाहून जात नाही, जिथे लावले तिथेच राहते, आणि उष्ण, दमट हवेच्या गावात नेमके हेच हवे असते. गिरगावातली माझी आत्या साटा झाला की नाही हे पाण्याच्या वाटीत थेंब टाकून पाहत असे, आणि मी फेसायला बसलो की स्वयंपाकघराबाहेरून विचारत असे, "तरंगला का रे?" फेसताना आत हवा गेली असेल आणि तूप हलके झाले असेल तर थेंब वर राहतो, नसेल तर बुडतो. या कसोटीवर मी आजही विसंबतो. मे महिन्यात तूप पातळच असते, तेव्हा ते आधी फ्रिजमध्ये रवाळ होऊ द्यावे आणि परात बर्फाच्या पाण्यावर ठेवून फेसावे.

सोळा करंज्यांसाठी मी २०० ग्रॅम मैदा आणि ५० ग्रॅम बारीक रवा घेतो, त्यात अर्धा चमचा मीठ आणि दोन मोठे चमचे कडकडीत तुपाचे मोहन घालतो, आणि थंड दूध व पाणी निम्मे-निम्मे मिसळून पीठ घट्ट भिजवतो. एकूण सव्वाशे मिलिलिटरच्या आतच काम होते. ओल्या कापडाखाली पीठ अर्धा तास ठेवल्यावर रवा भिजतो. मग ते चांगले कुटून किंवा मळून मऊ करावे, कारण न मळलेले पीठ पातळ लाटताना कडेला फाटते. साट्यासाठी ७५ ग्रॅम तूप आणि साधारण ५० ग्रॅम तांदळाची पिठी पुरते. काही घरांत पिठीऐवजी कॉर्नफ्लोअर घालतात आणि त्याने थर अधिक गुळगुळीत होतात, पण तांदळाच्या पिठीची खुसखुशी मला जास्त आवडते.

पिठाच्या सहा लाट्या करून प्रत्येकीची शक्य तितकी पातळ पोळी लाटावी. एका पोळीवर साटा कडेपर्यंत पसरावा, त्यावर दुसरी पोळी, पुन्हा साटा, मग तिसरी आणि तिच्यावरही साटा, आणि या तिन्हींची मिळून घट्ट गुंडाळी करावी. गुंडाळीत हवा राहिली तर करंजी तिथेच फुटते. अशा दोन गुंडाळ्या होतात. त्या पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून धारदार सुरीने प्रत्येकीचे आठ तुकडे करावेत. तुकडा उभा ठेवून वरून दाबला की कापलेल्या बाजूची वेटोळी दिसते, आणि ती बाजू पोळपाटाकडे ठेवून हलक्या हाताने चार इंचांची पारी लाटली की तीच बाजू करंजीच्या बाहेर येते. लाटण्यावर जोर दिला तर थर एकमेकांत दबतात आणि सगळी मेहनत वाया जाते. पिठी लावून लाटण्याची सवय इथे सोडावी. साट्याचे पीठ पोळपाटाला चिकटत नाही.

सारणाबद्दल माझे मत ठाम आहे: ते कोरडे आणि पूर्ण गार असले पाहिजे. गरम सारण भरले तर साटा आतून वितळतो, आणि ओले भरले तर त्याची वाफ तळाच्या थरांत शिरून त्यांचा लगदा करते. हिवाळ्यात बाजारात ओल्या वाटाण्याच्या शेंगांचे ढीग लागतात तेव्हा वाटाण्याच्या करंज्यांना तोड नाही. सोललेले ३०० ग्रॅम वाटाणे भरड वाटून, जिरे, हिंग आणि आले-हिरवी मिरचीच्या फोडणीत कढईत पाणी आटेपर्यंत परतावेत. वाटाणा शिजला तरी कढईच्या तळाशी ओल दिसत असेल तर आच मोठी करून परतत राहावे, झाकण अजिबात ठेवू नये. शेवटी अर्धी वाटी ओला नारळ घालून तोही दोन मिनिटे परतावा, कारण नारळाचे दूध भाजताना सुटते. मीठ, चिमूटभर साखर आणि लिंबू आच बंद केल्यावर घालावे. कोथिंबीर भरपूर घालावी, पण धुऊन कपड्यावर पूर्ण कोरडी केलेली. सारण हातात घट्ट दाबले असता गोळा होत नसेल तर एक लहान उकडलेला बटाटा किसून मिसळावा. त्याहून जास्त बटाटा घातला की करंजीचा समोसा होतो, आणि समोसा करायचाच असेल तर साट्याचा खटाटोप कशाला?

खिम्याचे सारणही याच नियमाने करावे. बारीक खिमा कांदा, आले-लसूण, हळद, तिखट आणि गरम मसाला घालून शिजवल्यावर तो चाळणीत निथळत ठेवावा आणि निथळलेला रस्सा वेगळा वापरावा. खिम्याच्या करंजीत पुदिना शोभतो, टोमॅटो मात्र टाळलेला बरा.

पारीच्या मध्यावर एक मोठा चमचा सारण ठेवून कडेला दुधाचे बोट फिरवावे, अर्धी पारी उलटवून कडा दाबाव्यात आणि कातण्याने कापाव्यात. मुरड घालता येत असेल तर उत्तमच, पण साट्याच्या पिठाला ती फार जाड घालू नये, नाहीतर कड आतून कच्ची राहते. वरच्या बाजूला काट्याने दोन भोके पाडली की वाफ तिथून निघते आणि शिवण उकलत नाही.

आत्या अर्थातच या करंज्या मंद आचेवर तळत असे, आणि खरे सांगायचे तर तळलेली करंजी जास्त फुलते, कारण तेलाची उष्णता सर्व बाजूंनी एकदम पोहोचते. पण सकाळी घरातल्या चार माणसांच्या न्याहारीसाठी कढईसमोर उभे राहण्यापेक्षा मला ओव्हन बरा वाटतो. तो २०० अंशांवर निदान दहा मिनिटे आधी तापवलेला असावा. थंड ओव्हनमध्ये ठेवलेल्या करंजीतले तूप वाफ होण्याआधीच गळून ताटात येते. वरून दूध लावले की रंग छान येतो. मधल्या कप्प्यात वीस ते पंचवीस मिनिटांत त्या बदामी होतात. घरगुती लहान ओव्हनमध्ये वरची तापणारी कांडी फार जवळ असते, तेव्हा पंधराव्या मिनिटाला डोकावून पाहावे आणि ताट फिरवावे.

रविवारी पहाटे उठून हे सगळे कोणी करत नाही, मीही नाही. करंज्या शनिवारी संध्याकाळी भरून, ताटात एकमेकींना न लागता फ्रीझरमध्ये कडक होऊ द्याव्यात आणि मग डब्यात भराव्यात. सकाळी त्या बाहेर काढून वितळू न देता सरळ तापलेल्या ओव्हनमध्ये घालाव्यात आणि सात-आठ मिनिटे जास्त द्याव्यात. गोठलेला साटा पिठाला ताव लागेपर्यंत जागेवर राहत असल्यामुळे अशा करंज्यांचे पापुद्रे ताज्या करंज्यांपेक्षाही चांगले सुटतात, असा माझा अनुभव आहे. वाटाण्याच्या करंज्या फ्रीझरमध्ये तीन आठवडे सहज राहतात. खिम्याच्या मी आठवड्याच्या आत संपवतो.

सोबत हिरवी चटणी पुरते, आणि तीही घट्ट. सॉस ज्याला हवा त्याने घ्यावा. उरलेल्या करंज्या त्याच दिवशी संध्याकाळी खायच्या असतील तर ओव्हनमध्ये १५० अंशांवर सहा-सात मिनिटे किंवा जाड तव्यावर झाकण न ठेवता गरम कराव्यात. मायक्रोवेव्हमध्ये सारणातली ओल पारीत शिरते आणि पापुद्र्यांची चामड्यासारखी पोळी होते. पावसाळ्यात त्या पूर्ण गार होऊन पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात गेल्या नाहीत तर दुपारपर्यंतच मऊ पडतात, आणि सारणात ओला नारळ असल्यामुळे रात्री त्या फ्रिजमध्येच ठेवाव्यात.