दोन फोन आणि रंकाळ्यावरची संध्याकाळ
आज दुपारी कोल्हापुरात राजारामपुरीतील एका दुकानात सॅमसंगचा गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा आणि आयफोन १६ प्रो मॅक्स हे दोन्ही फोन तासभर आलटूनपालटून हाताळले. पहिल्याचा मुख्य कॅमेरा २०० मेगापिक्सेलचा आणि दुसऱ्याचा ४८चा असला, तरी नेहमीचे छायाचित्र घेताना दोन्ही फोन अनेक पिक्सेल (चित्राचे बारीक ठिपके) एकत्र करूनच चित्र घडवतात, त्यामुळे नुसत्या आकड्यांना भुलण्यात अर्थ नाही. मला अधिक मोलाची वाटली ती सॅमसंगची ७ वर्षांच्या अपडेटची हमी. (वजनात अल्ट्रा ९ ग्रॅमने हलका, एवढेच.) संध्याकाळी रंकाळ्यावर माझ्या चार वर्षे जुन्या फोनने टिपलेला सूर्यास्त घरी सर्वांना आवडला, थकली आहे ती केवळ बॅटरी. लाखाहून अधिक रुपये मोजण्याऐवजी उद्या तीच बदलून घेणार आहे.