फुजीच्या दोन ३५ मिमी लेन्समधून एक निवडताना

फुजीफिल्मच्या एक्स माउंटच्या (लेन्स जोडायच्या खोबणीच्या) कॅमेऱ्यांसाठी ३५ मिमीची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, घ्यायची म्हटलं की दोन नावं समोर येतात. २०१२ मध्ये एक्स-प्रो१ कॅमेऱ्याबरोबर आलेली एक्सएफ ३५ मिमी एफ/१.४ (पुढे ‘जुनी’) आणि २०१५ ची एक्सएफ ३५ मिमी एफ/२ डब्ल्यूआर (पुढे ‘नवी’). एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं. फुल फ्रेमच्या हिशेबाने दोन्ही साधारण ५३ मिमी, म्हणजे कोन सारखाच. २०२१ ची ३३ मिमी एफ/१.४ दोघींहून सरस आहे, पण ३६० ग्रॅमची, जवळजवळ दुप्पट वजनाची, आणि महागही. म्हणून ती मी आधीच बाजूला ठेवली. माझी बॉडी एक्स-टी३. तिच्यात सेन्सर स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही, हे पुढच्या सगळ्या हिशेबात धरायला हवं.

दोन्ही लेन्स भाड्याने आणून तुलना केली. पद्धत साधी ठेवली: ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, मॅन्युअल एक्स्पोजर, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) आणि प्रत्येक फ्रेमला नव्याने फोकस. घरातल्या एलईडीखाली इलेक्ट्रॉनिक शटर वापरू नका, फोटोवर आडवे पट्टे येतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मेकॅनिकल शटरही १/५० किंवा १/१०० वर ठेवलं तरच दोन फ्रेममधला उजेड सारखा राहतो. ही काळजी घेतली नाही तर दिव्याच्या चढउताराला आपण लेन्सचा फरक समजून बसतो.

शार्पनेसचा प्रश्न लवकर मिटला. एफ/४ ला प्रिंटमध्ये फरक ओळखू येत नाही. एफ/१.४ ला जुनी लेन्स थोडी मऊ पडते, आणि फोकसच्या पुढेमागे चकाकत्या कडांवर जांभळी-हिरवी झाक येते. चेहऱ्याला तो मऊपणा शोभतो, स्टीलच्या भांड्यांना नाही. नव्या लेन्सचा बॅरल डिस्टॉर्शन (सरळ रेषा बाहेर फुगवणारा दोष) सॉफ्टवेअरमध्ये सरळ केला जातो. कॅमेऱ्याच्या जेपेगमध्ये आणि बहुतेक रॉ प्रोग्रॅममध्ये ते आपोआप होतं. पण दुरुस्तीची ती माहिती न वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली की भिंतीच्या कडा बाहेर फुगलेल्या दिसतात. जुनीत ही दुरुस्ती काचेतच आहे. इमारतींचे फोटो काढणाऱ्याने याला वजन द्यावं.

खरा प्रश्न एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट किंवा निम्म्या उजेडाचा. एफ/२ ला आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ६४०० लागतो तिथे एफ/१.४ ला ३२०० पुरतो. दीड मीटरवर बसलेल्या माणसाचा फोटो घेतला तर फोकसची खोली (पुढेमागे जेवढं स्पष्ट दिसतं तो पट्टा) एफ/१.४ ला साधारण १० सेंमी, एफ/२ ला १५ सेंमी. छिद्राचा व्यास ३५ भागिले १.४ म्हणजे २५ मिमी, दुसरीकडे १७.५ मिमी. मागच्या दिव्यांचे गोळे याच प्रमाणात लहानमोठे दिसतात. कागदावर जुनी लेन्स सरळ जिंकते.

पण फोकस करताना जुनीत काचांचा अख्खा संच मोटरने पुढेमागे सरकतो. नवीत आतला एक हलका गट तेवढा हलतो, तोही स्टेपिंग मोटरने. त्यामुळे नवी चटकन आणि जवळपास आवाज न करता लागते. जुनी मंद उजेडात एकदा पुढे जाते, मागे येते, मग थांबते. व्हिडिओत तिची घरघर रेकॉर्ड होते, शिवाय उजेड बदलला की ॲपर्चरच्या (छिद्राच्या) पात्यांची टिकटिकही ऐकू येते. म्हणजे जास्तीचा स्टॉप ज्या अंधारात हवा असतो, तिथेच या लेन्सचा फोकस अडखळतो. समोरचा माणूस स्थिर असेल तर हरकत नाही: एएफ-एस (एकदाच फोकस लावून थांबणारी पद्धत) ठेवा, फोकसची चौकट अगदी लहान न ठेवता मधल्या आकाराची घ्या आणि ती गालावर न टेकवता डोळ्याच्या किंवा चष्म्याच्या कडेवर टेकवा. पण नाटकाच्या तालमीत माणूस चालत असतो. १० सेंमीच्या पट्टीतून तो केव्हाच निघून जातो, आणि वाचवलेला आयएसओ फुकट जातो. आयएसओ ६४०० चा रवा (फोटोत दिसणारे दाणे) नंतर सावरता येतो, हुकलेला फोकस सावरता येत नाही.

भर उन्हात उलटी अडचण. एक्स-टी३ चा मूळ आयएसओ १६०. त्यावर एफ/१.४ ला शटर १/२०००० च्या आसपास मागतं, मेकॅनिकल शटर १/८००० ला संपतं. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावायचा किंवा स्थिर विषयाला इलेक्ट्रॉनिक शटर. एफ/२ लाही १/१०००० लागतं, पण अर्धा स्टॉप बंद केला की भागतं.

माझं काम मुख्यतः तालमी आणि पावसाळ्यातले घाट. नव्या लेन्सच्या माउंटला रबरी सील आहे, एक्स-टी३ ही सीलबंद, त्यामुळे भुरभुर पावसात जोडी बाहेर काढता येते. सील नसलेल्या बॉडीवर, उदाहरणार्थ एक्स-टी३० वर, या सोयीचा उपयोग फारच थोडा. मी एफ/२ घेतली. खिडकीच्या उजेडात बसलेल्या माणसांची पोर्ट्रेट हे मुख्य काम असतं, तर एफ/१.४ घेतली असती. ती २८ सेंमीपर्यंत जवळ जाते, नवी ३५ सेंमीपर्यंत. ताटातल्या पदार्थासाठी हा फरक जाणवतो.

जुनी सेकंडहँड घेणार असाल तर ॲपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोकणासारख्या दमट हवेत राहिलेल्या लेन्समध्ये बुरशीचे धागे असेच दिसतात. मग एफ/१.४ ला विटांच्या भिंतीचा समोरून, कॅमेरा भिंतीला समांतर धरून फोटो घ्या. चारपैकी एकच कोपरा मऊ दिसला तर काच सरकलेली असू शकते. डिस्प/बॅक बटण दाबून कॅमेरा सुरू केला की लेन्सचं फर्मवेअर दिसतं. जुनं असेल तर आधी अपडेट करा, मगच फोकसबद्दल मत बनवा. ॲपर्चर रिंग सैल असणं या लेन्सला नवं नाही, बॅगेतून काढल्यावर आकडा बघायची सवय लावा.

फिल्टर मात्र वेगळे लागतात: जुनीला ५२ मिमी, नवीला ४३ मिमी. ५२ चे आधीच असतील तर ४३-५२ ची स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर लहान लेन्सवर बसवणारी कडी) चालते, पण ती लावल्यावर नव्या लेन्सचं हूड (पुढे लावायची सावलीची कडी) बसत नाही.