ग्रह तयार होताना कुणी पाहिलाय का?

आकाशदर्शनाला आलेले लोक हमखास विचारतात: ग्रह घडायला लाखो वर्षं लागतात, मग ते घडताना कुणी पाहिलं?

पाहिलंय. नरतुरंग तारकासमूहात, सुमारे 370 प्रकाशवर्षांवर पीडीएस 70 हा तारा आहे. वय जेमतेम 50 लाख वर्षं. त्याच्याभोवतीची वायू आणि धुळीची तबकडी अजून विरलेली नाही, पण तिच्या आतल्या भागात मोठी पोकळी आहे. चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपने ताऱ्याचा झगमगाट झाकून तिथे पाहिलं, तेव्हा 2018 मध्ये एक ग्रह दिसला, 2019 मध्ये दुसरा. दोन्ही गुरूसारखे, वायूचे. त्यांच्यावर अजूनही वायू कोसळतोय. तापलेल्या हायड्रोजनचा लाल प्रकाश दोघांकडूनही येतो. 2021 मध्ये आल्मा या रेडिओ दुर्बिणींच्या समूहाला त्यातल्या दुसऱ्या ग्रहाभोवती त्याची स्वतःची तबकडी स्पष्ट दिसली. आपल्या चंद्राएवढे तीन चंद्र घडतील इतकं द्रव्य तिच्यात आहे! हे सांगताना मला दर वेळी भरून येतं.

अशा ग्रहांना वेळ मात्र थोडा असतो. तबकडीतला वायू काही दशलक्ष वर्षांत संपतो. त्याआधी धूळ, खडे, खडक एकवटून पृथ्वीच्या दहापट वस्तुमानाच्या आसपासचा गाभा तयार झाला, तरच तो वायू ओढून घेऊन गुरूएवढा होतो. पृथ्वीसारख्या खडकाळ ग्रहांची वाढ वायू गेल्यावरही टकरींमधून चालू राहते.

आणि ग्रह जन्मला तिथेच राहील असंही नाही. 2019 मध्ये भारताच्या वतीने एका ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरी यांच्यावरून बिभा आणि त्याच्या ग्रहाला संतमस हे नाव मिळालं. संतमस गुरूपेक्षा जड, तरी त्याचं वर्ष आपल्या दोन दिवसांहून थोडंच मोठं. ताऱ्याच्या इतक्या जवळ एवढा ग्रह घडवायला पुरेसं द्रव्य मिळणं कठीण, म्हणून असे ग्रह दूर घडून आत आले असं बहुतेक अभ्यासक मानतात. एक वाट शांत: तबकडीशी होणाऱ्या ओढाताणीत हळूहळू आत सरकायचं. दुसरी दांडगाईची: शेजारच्या ग्रहामुळे किंवा ताऱ्यामुळे कक्षा लांबट होते आणि पुढे भरतीबलांमुळे (ताऱ्याची ओढ ग्रहाच्या जवळच्या बाजूला जास्त आणि दूरच्या बाजूला कमी पडते त्यामुळे) ती आक्रसून गोल होते. वास्प-17 बी हा ग्रह तर आपला तारा स्वतःभोवती फिरतो त्याच्या उलट दिशेने फिरतो. तबकडीतून शांतपणे सरकत आला असता, तर तो सहसा ताऱ्याच्याच दिशेने फिरत राहिला असता; म्हणून निदान त्याच्यासाठी तरी मला दुसरी वाट जास्त पटते.